खोडलेली ओळ

मे महिना. इंदोऱ्याचा दवाखाना.
कूलरचं पाणी आत सांडते
म्हणून संगणकाखाली वीट ठेवली आहे.
टेबलावर बावीस वर्षांची रजिस्टरं, सिकलसेलची, गावनिहाय:
नाव, बापाचं नाव, एएस की एसएस,
पुढच्या खेपेची तारीख.
हे सगळं डेटाबेसमध्ये गेलं.
आत नीट बसलं, पण खोलीला दार नाही.
दार निवडायचं आहे, ब्राउझरमधून उघडणारं.
डॉक्टर उईके बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत सांगा.

तन्मय पौनीकरनं तीन आणून दाखवले.

पहिलं जुनाट, राखाडी.
डावीकडे तक्त्यांची रांग
डेपोतल्या वेळापत्रकासारखी.
बटणाला बटण लागून.
"लई लोक हेच वापरतात," तो म्हणाला.
मी विचारलं, चुकून लाल बटणावर बोट पडलं तर?
"तर जाते."
सगळंच?
"सगळंच जाते नं, बाप्पा."

दुसरं म्हणजे एकच फाइल.
कुठंही ठेवा, चालू.
खरं सांगतो, मला तेच आवडलं होतं.
संध्याकाळी कामठी रोडवर सिग्नलला थांबलो,
मोबाइलवर पत्ता टाकला,
आणि अख्खं रजिस्टर तळहातावर आलं.
हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न वाजत राहिले,
मी तिथंच उभा.
मला इथं उघडते
म्हणजे कुणालाही कुठंही उघडेल.
कुण्या पोरीच्या नावापुढचं एएस
तिच्या सोयरिकीच्या बैठकीत
चहाच्या आधी पोचेल.

तिसरं देखणं.
आकडे वर्तुळात फिरतात, रंग बदलतात,
पैसे दर महिन्याला, तेही डॉलरमध्ये.
नोंदी राहतील कुठं?
"क्लाउडमध्ये," तन्मय म्हणाला.
रत्नमालाताई खोब्रागडेंनी खिडकीतून वर पाहिलं.
सेहेचाळीस डिग्रीचं कोरं आभाळ.
"मे महिन्यात?" त्या म्हणाल्या,
आणि परत पेनाला टोपण लावत बसल्या.

मग बराच वेळानं, कुणाला असं नाही,
"याच्यात खोडता येते काय?"
"येते नं ताई, डिलीट दाबायचं."
"डिलीट नाही म्हणून राहिली मी.
खोडता. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्यांनी एक रजिस्टर ओढलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.
एका नावावरून लाल रेघ,
रेघेच्या टोकाला त्यांची सही.
"मेला म्हणून निरोप आला होता याचा.
तिसऱ्या वर्षी पोरगा पायी चालत आला दारात.
मेला तो बाजूच्या गावचा, त्याच नावाचा.
घरचे कागद पुरात गेलेले,
रक्त कोणतं चढवलं होतं, कधी चढवलं होतं,
कोणालाच माहीत नाही.
मी रेघेखालचं वाचलं."

तेवढ्यात लाइट गेले.
कूलर घरघरत थांबला,
स्क्रीनवर आम्ही तिघं दिसलो, काळे.
तन्मय अंधारात म्हणाला, "जागा खाईल हो असं ठेवलं तर."
"खाऊ दे," ताई म्हणाल्या. "कपाट तर रिकामं झालं."

सोमवारी राखाडीच घेतलं.
दवाखान्याच्या भिंतीबाहेर ते उघडत नाही.
पुसण्याचा अधिकार सगळ्यांचा काढला, माझाही,
आणि एक नवा रकाना घातला:
कोणी खोडलं, कधी, काहून.
तन्मयला तो शब्द पटला नाही, त्यानं 'कारण' केला.
ताईंनी परत 'काहून' करायला लावला.

पासवर्ड त्या मलाही सांगत नाहीत.

पहिली खोड त्यांचीच पडली.
दोन बोटांनी टाइप करताना
स्वतःच्या नावातला 'त्न' सुटला होता.
रमाला खोब्रागडे. चूक. घाई झाली.
वर बरोबर नाव आहे.
खालचं वाचता येते.